पोरं रानात काय शिकतात?

मंडळी, एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. एखाद्या शनिवारी सकाळी गुरुजी पोरांची रांग लावतात आणि त्यांना ओढ्याकडे घेऊन जातात. पोरांच्या हातात वही असते, पेन्सिल असते. तिथे पाढे नाहीत, फळा नाही. पोरे बाभळीखाली बसतात, वर बघतात, काहीतरी लिहितात आणि परत येतात.

हे पाहून घरची माणसे नाराज होतात. आम्ही शाळेत होतो तेव्हा कितीतरी आयाबापांनी आम्हाला हटकले. "गुरुजी, पोराला शिकायला धाडलंय, का हिंडायला? हिंडायचंच असतं तर ते गुरांमागं हिंडलं असतं!"

प्रश्न वावगा नाही. पोटाला चिमटा घेऊन पोराला शाळेत घालायचे, तर ते तिथे काय शिकते हे विचारायचा हक्क आईबापाला आहेच. म्हणून आज आपण त्याचाच विचार करू.

गुरांमागे हिंडणारे पोरही पाखरे बघते. मग फरक कोणता? फरक वहीचा. नुसते बघितलेले विसरते. लिहिलेले राहते. आणि लिहायचे म्हटले की नीट बघावे लागते.

वहीचे तीन नियम

या कामाला आम्ही तीन नियम घालून दिले होते. पहिला नियम, बघावे पण हात लावू नये. दुसरा नियम, डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे. कुणाकडून ऐकले असेल तर 'ऐकले' असा शब्द पुढे घालावा. तिसरा नियम, कळले नाही ते विचारावे. गुरुजींना विचारावे, नाहीतर घरच्या जाणत्या माणसाला विचारावे. पानावर तारीख, वेळ आणि जागा लिहायची, म्हणजे पुढल्या वर्षी ताडून बघता येते.

हात का लावायचा नाही, ते टिटवीवरून कळते. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. ती उघड्या माळावर चार खड्यांमध्ये अंडी घालते. अंडी बहुधा चार असतात आणि रंग अगदी मातीसारखा. आपण जवळ गेलो की ती उठते आणि डोक्यावर घिरट्या घालून ओरडते. तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. आपण तिथे रेंगाळलो तर आतला जीव उन्हाने मरू शकतो. म्हणून लांब उभे राहायचे, बघायचे आणि निघायचे. एवढे समजलेले पोर पुन्हा टिटवीच्या अंड्यांना दगड मारत नाही. मारू नको म्हणून सांगावेही लागत नाही.

खोपा कोण विणते?

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. ते सगळ्यांनी पाहिलेले आहेत. आता विचारा कुणालाही, खोपा कोण विणते? नर की मादी? दहातले नऊ जण म्हणतील, "मादी. नावच सुगरण, मग दुसरं कोण विणणार?"

पोरांना पावसाळ्यात चार-सहा दिवस त्याच झाडासमोर बसवावे. मग पोरे काय लिहून आणतात? विणणाऱ्या पाखराचे डोके पिवळे असते. पिवळे डोके नराचे. मादी दिसायला चिमणीसारखी असते. म्हणजे विणकर नर आहे! तो गवताच्या, उसाच्या पानाच्या बारीक पट्ट्या फाडून आणतो आणि चोचीने गाठी मारत विणतो. खोपा अर्धा झाला की त्याला लोंबकळून पंख फडफडवतो आणि माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, तपासते. पसंत पडला तर ती राहते. मग नर खोप्याला खालून लांब नळी जोडतो. पसंत पडला नाही तर मेहनत वाया. अर्धे खोपे झाडाला नुसतेच लोंबताना दिसतात, ते त्यामुळे. अंडी उबवणे आणि पिले भरवणे हे काम मात्र बहुतेक मादीच करते.

तुम्ही म्हणाल, खोपा नराने विणला काय नि मादीने विणला काय, आपल्याला त्याचे काय? बरोबर आहे. खोप्यावाचून आपले अडत नाही. पण पोराने इथे एक मोठी गोष्ट शिकली. सगळे गाव म्हणते म्हणून ती गोष्ट खरी असतेच असे नाही. आपल्या डोळ्यांनी बघावे, मग बोलावे. ही सवय लागली की ती सुगरणीपाशी थांबत नाही. ती घरापर्यंत येते. घरी तिचा उपयोग कसा होतो, ते आता पाहू.

घुबडाची गोळी

घुबड घरावर बसले की घरात मौत होते, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणून घुबड दिसले की दगड मारायचा. एकीकडे त्याला लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि दुसरीकडे दगड मारायचा, असा हा उलटा न्याय आहे.

पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात, जुन्या कोठारात एक पांढुरक्या तोंडाचे घुबड राहते. त्याचे तोंड बदामासारखे दिसते. त्याला गव्हाणी घुबड म्हणतात. त्याच्या बसायच्या जागेखाली काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. लोकांना ती विष्ठा वाटते. ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळते. मांस पचते, पण हाडे आणि केस पचत नाहीत. त्यांची गोळी होते आणि घुबड ती तोंडावाटे टाकून देते.

शाळेत या गोळ्यांचा फार चांगला पाठ होतो. वाळलेली गोळी कोमट पाण्यात भिजवायची आणि दोन काड्यांनी हळूहळू सोडवायची. काम झाले की साबणाने हात धुवायचे. आत काय निघते? बारीक कवट्या, जबडे, पिवळे पडलेले पुढचे दात, बरगड्या. पोरे त्या कागदावर मांडतात आणि कवट्या मोजतात. एका गोळीत कधी एक, कधी दोन-तीन उंदीर निघतात. कधी चिचुंद्रीही निघते.

आता पोराने घरी येऊन सांगितले, "आबा, घुबडानं खाल्लेले उंदीर मी मोजले," तर आबाने काय म्हणावे? आबाच्या कणगीला उंदराने भोक पाडले आहे. शेतात हरभऱ्याच्या बांधाला बिळेच बिळे आहेत. आणि जे पाखरू पगार न घेता रात्रभर उंदीर मारते, त्याला आपण दगड मारतो! घुबडाची पिसे इतकी मऊ असतात की उडताना आवाज होत नाही. कान असे तिखट की मिट्ट अंधारातही नुसत्या खसखशीवर ते उंदीर धरते. असा राखणदार विकत मिळेल काय?

आणखी एक सांगतो. विष खाल्लेला उंदीर घुबडाने गिळला तर ते विष घुबडालाही बाधू शकते. म्हणून उंदराचे विष वापरायचेच झाले तर जपून वापरावे. मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता पुरावेत.

सापाचा धडा

आता ज्या धड्याला आमच्या लेखी सर्वांत जास्त किंमत आहे, त्याकडे येऊ. तो धडा सापाचा.

आपल्या देशात साप चावून किती माणसे मरतात? अभ्यासकांनी २००० ते २०१९ या वीस वर्षांचा हिशेब मांडला. वर्षाला सरासरी ५८,००० माणसे, असा तो अंदाज निघाला. यातली बहुतेक माणसे खेड्यातली. म्हणजे तुमची-आमची.

हा धडा शिकवताना साप कधीच धरायचा नाही. जवळही जायचे नाही. चित्रावरून आणि लांबून बघूनच शिकायचे. महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढतो. मण्यार काळी, चकचकीत असते आणि अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा असतात. घोणस जाड असते, अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके असतात, आणि डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. फुरसे लहान असते. ते अंगाला अंग घासून करवतीसारखा खरखर आवाज करते.

धामण, दिवड, कवड्या, तस्कर, मांडूळ हे बिनविषारी. धामण तर उंदरांची वैरी. 'धामण म्हशीचे दूध पिते' हे ऐकलेले आहे, पाहिलेले नाही. सापाला दूध पचत नाही. मांडुळाला दोन तोंडे नसतात. त्याची शेपटी बोथट असते म्हणून तसे वाटते. त्या नावावर भोळ्या माणसांना लाखांनी फसवतात. सापाला बाहेरचे कान नसतात. तो पुंगीच्या सुरावर नाही, पुंगीच्या हालचालीवर डोलतो.

पण ध्यानात ठेवा. कवड्या आणि मण्यार पुष्कळदा सारखे दिसतात. भले भले चुकतात. म्हणून साप चावला तर तो विषारी की बिनविषारी याची पंचाईत घरी करत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा.

साप चावल्यावर काय करायचे, ते आम्ही पोरांकडून पाठ करून घेत असू. तुम्हीही पाठ करा.

माणसाला धीर द्या. त्याला पळू देऊ नका, चालू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढून ठेवा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा. करकचून दोरी बांधू नका. ब्लेडने कापू नका. तोंडाने विष ओढू नका. साप शोधण्यात वेळ घालवू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ नंबरला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्या. सापाच्या विषावर उतारा म्हणून एकच औषध आहे. ते प्रतिसर्पविषाचे इंजेक्शन. ते मंत्राने येत नाही, देवळात मिळत नाही.

मण्यारीचे तर विशेष सांगायला हवे. ती रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, कधी कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. आणि मांत्रिकाकडे नेण्यात वेळ जातो. तो वेळ म्हणजे जीव. म्हणून जमेल त्याने बाजेवर झोपावे. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्यावी. सरपणात आणि कडब्यात आधी काठी फिरवावी, मग हात घालावा.

आता सांगा, ज्या पोराला हे येते ते घरात असले तर बरे की नसले तर बरे?

गिधाडे कुठे गेली?

पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना गिधाडे आठवतात. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की आभाळातून ती उतरत. पाहता पाहता सापळा उरे. आज दहा वर्षांच्या पोराला विचारा. त्याने गिधाड चित्रातच पाहिले आहे.

गिधाडे गेली कुठे? १९९० नंतर ती भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर शंभरातले एकही उरले नाही, इतकी घटली. कारण पुढे कळले. दुखण्यावर, सुजेवर गुरांना डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत. असे औषध दिलेले ढोर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. सरकारने २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केले. २०२३ साली अशीच आणखी दोन औषधे गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध मात्र गिधाडांना बाधत नाही. गुरांच्या डॉक्टरांना तेवढे विचारावे.

गिधाडे गेल्यावर मेलेली ढोरे कुजत पडू लागली. त्यावर भटकी कुत्री पोसली. कुत्री वाढायला हेही एक कारण झाले, असे जाणकार सांगतात. म्हणजे पाखरू गेले आभाळातून, आणि त्याची झळ आली आपल्या अंगणात.

यात एक गोष्ट मनाला लागते. आपल्या गावात शेवटचे गिधाड कोणत्या साली दिसले, हे कुणी सांगू शकेल काय? नाही. कारण कुणी लिहून ठेवले नाही. आज शाळेतले पोर वहीत लिहिते, 'आज ओढ्यावर अमुक इतके बगळे दिसले.' आपल्याला ते पोरखेळ वाटते. पण दहा वर्षांनी बगळे दिसेनासे झाले, तर ते कधीपासून दिसेनासे झाले हे त्या वहीतच सापडेल. हिशेबाच्या वहीवाचून दुकान चालत नाही. मग गावच्या रानाचा हिशेब कुणी ठेवायचा?

एका पोराची चिमणी

एका पोराची गोष्ट सांगतो. हे पोर मुंबईचे. १८९६ साली जन्मलेले, आईबापावाचून मामाकडे वाढलेले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा त्याला नाद. एके दिवशी त्याने मारलेली चिमणी जरा वेगळी दिसली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. त्याने मामाला विचारले, ही कसली चिमणी? मामाला सांगता आले नाही. पण मामाने "जा, अभ्यास कर" असे म्हटले नाही. त्यांनी पोराला चिमणी घेऊन मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. तिथल्या साहेबांनी पाखराचे नाव सांगितले आणि कपाटे उघडून शेकडो पाखरे दाखवली. पोराचे डोळे उघडले. पुढे हेच पोर पाखरांचे जगन्मान्य अभ्यासक झाले. त्यांचे नाव डॉ. सालिम अली. ते १९८७ साली वारले.

दुसरे नाव सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांचे. ते वनखात्यात नोकरीला होते. पाखरांची आणि झाडांची मराठी नावे त्यांनी कुठून गोळा केली? पुस्तकांतून तर केलीच, पण रानात राहणाऱ्या माणसांना विचारूनही केली. ते २०२५ साली वारले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. म्हणून २०२० सालापासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात तुमच्या शाळेची पोरे पाखरे मोजायला निघाली तर समजा, ही त्यामागची हकीकत.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, "आम्ही आत्ता कुठे वाचायला शिकलो. आम्ही पोराला काय सांगणार?" अहो, सांगण्यासारखे तुमच्याजवळच तर आहे! पावशा 'पेरते व्हा' म्हणून कधी ओरडू लागतो, कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसून काय टिपतो, ओढ्याच्या कोणत्या दरडीत खंड्याचे बीळ आहे, हे पुस्तकात कुठे आहे? ते तुमच्या डोक्यात आहे, घरच्या म्हातारीच्या जिभेवर आहे. म्हातारी गेली की तेही जाईल. पोराला लिहिता येते आणि तुम्हाला ठाऊक आहे. दोघे मिळून बसा.

रात्री जेवण झाले की पोराची वही मागा. तुम्हाला आता अक्षर लागते, तेव्हा ती स्वतः वाचा. अडेल तिथे पोराला विचारा. मग आपल्याकडे त्या पाखराला काय म्हणतात ते सांगा आणि त्याला लिहायला लावा. पोराने प्रश्न विचारला तर "गप बस" म्हणू नका. ठाऊक नसेल तर म्हणा, "उद्या दोघं मिळून बघू."

पोराच्या हातातली गलोल काढून घ्या. खोपे तोडू देऊ नका. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवू नका. रानातली पाखरे आणि जनावरे मारायला, धरायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. घरात साप निघाला तर पोराला लांब ठेवा आणि जाणत्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा.

आणि शाळेला एक निरोप द्या. पोरे ओढ्याकडे निघतील त्या दिवशी गावातला एक जाणता माणूस सोबत द्या. एखादा मेंढपाळ, एखादा म्हातारा शेतकरी. गुरुजी बदलीने येतात आणि जातात. त्यांना तुमचा ओढा तुमच्याइतका ठाऊक नसतो. पोरांच्या जिवाची राखणही होईल आणि ज्ञानातही भर पडेल.

तर मंडळी, पोरं रानात काय शिकतात? नीट बघायला शिकतात. खरे तेच लिहायला शिकतात. ऐकीव गोष्ट पारखून घ्यायला शिकतात. पाढे पाठ झाले पाहिजेत, यात शंका नाही. पण पाढे येणाऱ्या पोराला मण्यार ओळखता आली आणि वेळेवर दवाखाना सुचला, तर ते घर वाचवील. येत्या शनिवारी पोर वही घेऊन निघाले, की त्याच्या पिशवीत भाकरी बांधून द्या आणि सांगा, "काय दिसलं ते सांजच्याला मला वाचून दाखव."